मूक पहारेकरी

भगिनींनो, हा विषय माजघरांतहि कुजबुजत बोलला जातो. आज तो उघडच बोलूं.

१८९२ सालीं डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानें योनिमार्गांतील एका जंतूचें वर्णन केलें. हा जंतु शत्रु नव्हे. दुधाचें दहीं लावणाऱ्या जंतूंच्याच गोतावळ्यांतला तो. तेथील शर्करेपासून दुग्धाम्ल तयार करतो, आणि त्या आंबटपणांत परक्या जंतूंचा निभाव लागणें कठीण होतें. त्याच्या साऱ्याच जाती मात्र सारख्या कर्तबगार नाहींत. ‘क्रिस्पॅटस’ खंबीर, तर ‘आयनर्स’ जरा डळमळीत.

हे पहारेकरी विरळ झाले कीं क्लॅमिडियाच्या संसर्गाचा संभव वाढतो. तो समागमांतून येतो, आणि बहुतेक स्त्रियांना त्याचें एकहि लक्षण जाणवत नाहीं. उपचार न झाल्यास कांहीं जणींत तो न दुखतां, न खुपतां गर्भनलिकांपर्यंत चढतो व त्या बुजवून टाकतो. मग वांझपणाचा बोल तिच्याच माथीं, जंतु पतीकडून आलेला असला तरी!

योनिस्रावाच्या तपासणीनें तो ओळखतां येतो. डॉक्सिसायक्लीनच्या सात दिवसांच्या गोळ्यांनीं बहुधा बरा होतो. गरोदरपणीं औषध निराळें. पतीनेंहि त्याच वेळीं औषध घेतलें पाहिजे, नाहीं तर संसर्ग पुन्हां होतो. आणि स्वच्छतेच्या नांवाखालीं आंतून धुणें सोडा. त्यांत पहारेकरीच वाहून जातात.