खानेसुमारीच्या वह्यांतील इंग्रज शेतमजूर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या कामापासून दूरचा वाटेल. इंग्लंडच्या खेड्यात शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचा माग जुन्या खानेसुमारीच्या कागदांतून कसा काढतात, हा तो विषय. वंशावळींचे कौतुक करणे हा माझा हेतू नाही. सरदार-जमीनदारांच्या वंशावळी लिहावयास भाट होते. मजुराची वंशावळ लिहिण्याचे कोणास कारण नव्हते. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी सोडल्या, तर त्याच्या घरादाराची सलग नोंद प्रथम झाली ती सरकारी गणकाच्या वहीत. ती वही कशी वाचावी, हे शिकणे म्हणजे राज्यसत्ता कष्टकऱ्याकडे कसे पाहत होती, हे शिकणेच होय.

इंग्लंडमधील पहिली खानेसुमारी १८०१ साली झाली व पुढे दर दहा वर्षांनी ती होत राहिली. पहिल्या चार खेपांना सरकारला मुख्यतः आकडे हवे होते. माणसामाणसाचे नाव देशभर लिहिले गेले ते १८४१ साली. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांचे वय बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिले. म्हणजे अडतीस वर्षांचा मनुष्य कागदावर पस्तीस वर्षांचा झाला. घरातील माणसांचे परस्परांशी नाते काय, हे विचारलेच नाही. नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचे गाव हे रकाने १८५१ साली आले. जन्मगावाचा रकाना फार बोलका आहे. एकाच घरातील तीन मुले तीन निरनिराळ्या पॅरिशांत जन्मलेली दिसली, की बाप कामासाठी गावोगाव फिरत होता हे समजावे.

या वह्या म्हणजे कुटुंबाने स्वहस्ते दिलेली माहिती नव्हे. गणक घरोघर तक्ते वाटी, ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे स्वतः भरी आणि मग सर्व मजकूर आपल्या वहीत उतरवून घेई. मूळ तक्ते पुढे नष्ट करण्यात आले व वह्या उरल्या. कुटुंबप्रमुखाच्या हस्ताक्षरातील तक्ते जपले गेले ते १९११ पासूनचे. म्हणून एका वहीत एक आडनाव आणि दुसरीत त्याचेच निराळे रूप आढळले, तर नवल मानू नये.

आता वर्गाचा प्रश्न घेऊ. मराठीत ‘शेतकरी’ म्हटले की दोन एकरांचा धनीही येतो आणि दोनशे एकरांचाही. इंग्लंडच्या वहीत तसे नाही. तेथे जमीन जमीनदाराची. ती खंडाने घेऊन मजुरांकरवी कसणारा तो ‘फार्मर’. आणि प्रत्यक्ष राबणारा तो ‘शेतमजूर’. १८५१ साली फार्मरला किती एकर कसतो आणि किती माणसे कामास ठेवतो, हे लिहावयास सांगितले होते. त्यामुळे एका पानावर फार्मरचे एकर आणि लगतच्या ओळींत त्याच्या मजुरांच्या झोपड्या, असे चित्र आपोआप उमटले. गावची सामायिक जमीन कुंपणे घालून खाजगी करण्याचे ५,२०० हून अधिक कायदे १६०४ ते १९१४ या काळात झाले व त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. या घडामोडीचा शेवट त्या पानांवर दिसतो. मजुराच्या ओळीत एकरांचा उल्लेख नाही, कारण लिहावयास एकरच उरला नव्हता.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. डॉर्सेटमधील टॉलपडल या खेड्यात मजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८ वर, मग ७ वर आली आणि ६ वर आणण्याची धमकी मिळाली. तेव्हा जॉर्ज लव्हलेस याच्या पुढाकाराने मजुरांनी संघटना बांधली. संघटना करणे हा त्या काळी गुन्हा नव्हता. म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून १८३४ साली सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देण्यात आली आणि त्यांची ऑस्ट्रेलियात रवानगी झाली. या सहांत लव्हलेस बंधू दोन, त्यांचा मेहुणा टॉमस स्टँडफील्ड आणि त्याचा मुलगा जॉन. एका कुटुंबावर घातलेला हा घाव होता. देशभर चळवळ झाली, १८३६ साली माफी मिळाली आणि माणसे हळूहळू परतली.

या कुटुंबाचा माग काढावयाचा, तर १८४१ सालच्या टॉलपडलच्या पानांवर शोधून भागणार नाही. लंडनच्या कामगारांनी जमविलेल्या निधीतून त्यांना एसेक्समध्ये शेते खंडाने घेऊन देण्यात आली होती. मजूर होते ते तेथे फार्मर झाले. सहांपैकी जेम्स ब्राइन याचे तेथेच १८३९ साली टॉमस स्टँडफील्डच्या मुलीशी लग्न झाले. परंतु तेथील प्रतिष्ठितांना हे लोक खपले नाहीत. १८४४ नंतरच्या थोड्या वर्षांत ही कुटुंबे कॅनडात निघून गेली. १८५१ सालच्या इंग्लंडच्या वहीत ती नाहीत, आणि का नाहीत, हे सांगणारा रकाना कोणत्याही वहीत नाही.

टॉलपडलला कायमचा परतला तो एकटा जेम्स हॅमेट. १८७५ साली शेतमजूर संघटनेने त्याचा सत्कार करून त्याला घड्याळ अर्पण केले. १८९१ साली तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कंगालांसाठी चालविलेल्या सरकारी आसऱ्यात, वारला. ज्याच्या सुटकेसाठी सारा देश हलला होता, त्याच्या म्हातारपणाची सोय कोणी केली नाही. आपल्या चळवळीनेही हे मनास लावून घेण्यासारखे आहे.

सत्कार करणारी ती संघटना जोसेफ आर्च याने १८७२ साली उभी केली होती. हा वॉरिकशायरमधील बारफर्डचा मजूर. नवव्या वर्षी दिवसाला ४ पेन्सांवर शेतातील पाखरे हाकण्याच्या कामास लागलेला. त्याच्या कुटुंबाची झोपडी स्वतःच्या मालकीची होती. फार्मरच्या झोपडीत राहणाऱ्याने तोंड उघडले, तर कामाबरोबर छप्परही जाई. आर्चचे छप्पर जाणार नव्हते. १८८४ च्या कायद्याने खेड्यातील मजुरांपैकी पुष्कळांना मत मिळाले आणि पुढच्याच वर्षी आर्च पार्लमेंटमध्ये निवडून गेला.

या वह्यांत आणखी एक मौन आहे. कापणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या, एरवी घरी कोंबड्या, डुकरे व लोणी सांभाळणाऱ्या बाईच्या धंद्याचा रकाना पुष्कळदा कोराच आढळतो. १८८१ साली तर घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना बिनकामाच्या वर्गात झाली. बाई कामाशिवाय राहिली नव्हती. कामाची व्याख्या तिला वगळून केली होती. आपल्या जनगणनेतही केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ यांतच मोडते.

आणि आपल्याकडे? १८७२ पासून आपलीही गणती झाली. परंतु १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे व्यक्तींच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणासही नाही. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी वह्या खुल्या होतात. १९२१ च्या नोंदी २०२२ साली खुल्या झाल्या. आपल्या शेतमजुराच्या नातवाला तो मार्ग नाही. सातबारा पाहावा, तर ज्याला जमीन नाही त्याचे नाव सातबाऱ्यावर कशाला असेल? २०२१ सालची जनगणना झालीच नाही आणि २०२७ च्या गणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली जाहीर केला. रकाना कोणता असावा, हा प्रश्न राजकीय आहे, तो केवळ आकडेशास्त्रज्ञांवर सोपवून आपल्याला चालणार नाही.

म्हणून दोन कामे सुचवितो. पहिले, गणना होईल तेव्हा आपल्या वस्तीतील प्रत्येक मजुराचे, ऊसतोडीसाठी बाहेर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचे आणि राबणाऱ्या प्रत्येक बाईचे काम खरे लिहिले जाते की नाही, हे पाहा. दुसरे, प्रत्येक शाखेने एक वही घालावी. गावातील भूमिहीनांची चार-पाच घरे निवडून, त्यांच्या संमतीने, आजा-पणजा कोठून आला, कोणाकडे राबला, कोणत्या लढ्यात होता, हे वृद्ध माणसे आहेत तोवर लिहून घ्यावे. टॉलपडलची माणसे सरकारी वहीतून निसटली, तरी आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्या साथींनी त्यांची कथा लिहून ठेवली. आपल्या माणसांसाठी तेवढे आपण केले पाहिजे.