तोफेच्या जबड्यातला हत्ती



आपल्या सोलापूरहून विजापूर रोडने दक्षिणेला निघालं, की शंभरेक किलोमीटरवर विजापूर लागतं. तिथल्या शेरझा बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. 1549 साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून 1632 मध्ये विजापूरला गेली. तिचं तोंड म्हणजे सिंहासारख्या श्वापदाचा उघडा जबडा, आणि दातांखाली हत्ती भरडला जातोय. गोळा डागायला या हत्तीचा काहीच उपयोग नाही. तो कोरलाय समोरून चाल करून येणाऱ्याच्या मनासाठी.

शत्रूला धाक घालण्याची ही विद्या फार जुनी. आजच्या इराकमधल्या असिरियन राजांनी ती कळसाला नेली. इसवी सनापूर्वी 701 मध्ये सेन्नाचेरिब राजाने लाखीश शहराला वेढा घातला. तटापर्यंत दगडमातीचा चढ रचला, त्यावरून भिंत फोडणारे गाडे वर चढवले आणि शहर घेतलं. मग निनवेच्या राजवाड्यात एका दालनाच्या भिंतींवर हे सगळं कोरून घेतलं: सुळावर चढवलेले, कातडी सोललेले कैदी, बैलगाड्यांतून हुसकावलेली कुटुंबं. दरबारात येणाऱ्या मांडलिकाने हे पाहावं आणि खंडणी मुकाट्याने भरावी, हा हेतू उघड आहे. त्याच स्वारीत जेरुसलेम मात्र सेन्नाचेरिबला घेता आलं नाही. आपल्या लेखात तो एवढंच सांगतो, की तिथल्या राजाला आपण कोंडून घातलं आणि खंडणी वसूल केली.

आता पुन्हा विजापूर. 1685 मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हा औरंगजेबाचा मुक्काम आपल्या सोलापुरात होता. वेढ्यावर असलेल्या त्याच्या मुलाच्या, शहाजादा आझमच्या, छावणीतलं धान्य संपलं. मोगल सरदार गाजीउद्दीन फिरोजजंगाने रसद पोचवली म्हणून ती तगली. तटाच्या आतही उपासमार होतीच. अखेर 1686 च्या सप्टेंबरात विजापूरचा सुलतान सिकंदर आदिलशहा शरण आला, आणि औरंगजेबाने याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. ज्या तोफेने शत्रूला धाक घालायचा, तिच्याच अंगावर शत्रूचं नाव आलं! मला तर लाखीशच्या दालनापेक्षाही ही तोफ अधिक बोलकी वाटते.

गोल घुमट पाहायला आपण सगळेच जातो. पुढच्या खेपेला पश्चिमेच्या तटावरही जा. मुलांना तो हत्ती दाखवा, जाणकाराकडून तो लेख वाचून घ्या. त्यात बादशहा आहे, विजय आहे. वेढ्यात उपाशी मेलेल्यांबद्दल एक अक्षरही नाही.