पाडून बांधण्यास उत्तम



‘गावठाणातील जुना वाडा विकणे आहे. दोन्हीकडून रस्ता. पाडून बांधण्यास उत्तम. दलाल क्षमस्व.’ रविवारच्या पेपरात अशी छोटी जाहिरात दिसली की माझा चहा गार होतो. वाडा घेण्याची माझी ऐपत नाही, आणि खरे सांगायचे तर विचारही नाही. पण पुण्याच्या कसबा पेठेतला असो, नागपूरच्या महालातला असो की आमच्या आर्वीकडचा, विकायला निघालेला वाडा पाहायला मला आवडतो. लोक सोन्याच्या दुकानासमोर उभे राहून नुसते पाहतात ना, तसे.

मी राहतो कारंजा (घाडगे) येथे, नागपूर-अमरावती रस्त्यावर, संत्र्यांच्या मुलुखात. गावाचे नाव सांगितले की पुष्कळजण कारंजा लाड समजतात. हवेल्यांची कीर्ती त्या कारंज्याची. चुन्यात कस्तुरी कालवून बांधलेल्या हवेलीची दंतकथा तिकडेच सांगतात. आमच्याकडे चुन्यात फार तर गूळ आणि बेलफळ.

तरीही वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाड्यांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पेशवाईचा नाही. १८६१ साली इंग्रजांनी मध्यप्रांत केला, १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी कायद्याने मिळाली होती, हातात कापसाचा पैसा आला, आणि गावात दगडी जोत्यावर सागवानी खांब उभे राहिले. वाडा हे राहण्याचे घर होते, तसेच ते शेतसाऱ्याचे कार्यालय, धान्याचे कोठार आणि गावाची कचेरीही होते. म्हणून तर त्याला एवढी मोठी देवडी आणि एवढ्या कोठ्या.

मग कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. संपली ते योग्यच झाले, त्याबद्दल मला हळहळ नाही. पण वाड्याचे उत्पन्न त्या दिवशी थांबले आणि खर्च तसाच राहिला. शहरातल्या वाड्यांत भाडेकरू होते, तिथे दुसरा पेच. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाप्रमाणे रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय घरमालकाला भाडेकरूला घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. दोन आकडी भाड्यात छपरावरची कवेलू फेरायची मजुरीसुद्धा निघेना. राज्याचा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० ला. हा ३१ मार्च वाडेवाल्यांच्या पत्रिकेतच लिहिलेला दिसतो. नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. मूळ भाडेच पंचवीस रुपये असेल, तर ती वाढ एक रुपया.

मागे एका दलालाबरोबर जवळच्याच एका गावातला वाडा पाहायला गेलो होतो. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलो. देवडीत दोन्ही बाजूंना दगडी ओटे. पुढे चौक, आणि चौकाच्या मधोमध भावाभावांच्या वाटणीची विटांची भिंत, तिला गिलावाही नाही. छपरीत पितळी कड्यांची बंगई. खांब दगडी तळखड्यावर उभे, आणि बसलेल्या माणसाची पाठ टेकेल तेवढ्या उंचीवर सागवान काळेभोर, गुळगुळीत झालेले. कोठीत अंधार होता. मोबाइलच्या उजेडात भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा दिसल्या. चार उभ्या, एक आडवी, असे पाच-पाचाचे झुबके, भिंतभर. पोती मोजलेली. कोणत्या हंगामातली, कोणी मोजली, सांगायला घरात कोणी नव्हते.

मी भिंतीशी एवढा वेळ का रमलो, ते दलालाला कळेना. तो म्हणाला, “भाऊ, भिंती काय पाहून राह्यले? जागा पाहा, जागा. अन् लाकडाचे पैसे तं वेगळेच निघते.”

त्याचे गणित चुकीचे नाही, बाजाराचे तेच गणित आहे. जाहिरातीत वाडा असतो, पण किंमत असते जमिनीची. शासनाच्या रेडी रेकनरमध्येही जमिनीला दर असतो आणि बांधकामाला वयाप्रमाणे घसारा. म्हणजे दीडशे वर्षे उभे राहिल्याबद्दल वाड्याला दंडच. तुळया, खांब, दारे सुटी सुटी विकली जातात आणि कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जाऊन उभी राहतात. तिथे त्यांना पुन्हा भाव येतो. आपल्या जागेवर उभा असलेला खांब अडगळ आणि उपटून नेला की कलावस्तू, हा हिशेब माझ्या डोक्यात शिरत नाही.

गोव्यात असे नाही. तिथले जुने घर विकायला निघाले की जाहिरातीत पहिल्यांदा त्याचे वय येते, मग बलकाव, मग शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. वय हाच तिथे भाव. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन हाइट्स या जुन्या वस्तीला १९६५ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. आज तिथली तांबूस दगडाची घरे जुनी म्हणूनच महाग आहेत.

आपल्याकडे संरक्षण आले ते अर्धवट. पुण्यात शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांना विचारा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. स्मारक जपले जाते, शेजारचा वाडा मात्र टेकू लावून वाट पाहतो. आणि बुधवार पेठेतला भिडे वाडा? १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा तिथे सुरू झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक बांधण्यासाठी महापालिकेने तो वाडाच पाडला. मोडकळीला आला होता, हे खरे. इतकी वर्षे त्याला मोडकळीला येऊ दिले, हेही खरे.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. आखीव पत्रिकेवर डझनभर नावे. मुलींनाही वाटा मिळू लागला, फार उशिरा मिळाला, पण त्यामुळे सह्या वाढल्या. एक भाऊ पुण्याला, एक बहीण रायपूरला, एक पुतण्या परदेशात. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, आणि फेरले तर चार दिवसांत माकडे नाचून फोडतात. वाळवीचे तर नावच काढू नका. असा वाडा ‘ठेवा’ म्हणणे सोपे आहे, विशेषतः माझ्यासारख्या नुसत्या पाहणाऱ्याला.

पण मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी दोन वाजता स्लॅबच्या घरात कूलर लावूनही घाम थांबत नाही. त्याच वेळी दोन-अडीच हात जाडीच्या मातीच्या भिंतींच्या माजघरात जाऊन बसा. वर पाटन, त्यावर कवेलू, मधे चौकातून वर निघून जाणारी गरम हवा. ही सोय जाहिरातीत कोणी लिहीत नाही. तिची किंमतच कोणी काढलेली नाही.

ज्यांचा वाडा विकायचा ठरला आहे, त्यांना माझी एवढीच विनंती. पहिली जाहिरात द्याल तेव्हा ‘पाडून बांधण्यास उत्तम’ हे शब्द गाळून पाहा. बांधल्याचे साल माहीत असेल तर ते लिहा, खण किती, चौक किती, लाकूड कोणते ते लिहा. फोटो रस्त्याचा देताच, एक चौकाचाही द्या. राहण्यासाठी, शाळेसाठी, पाहुण्यांच्या खोल्यांसाठी उभा वाडा हवा असलेला एखादा माणूस निघेलही. नाहीच निघाला, तर नागपूरच्या एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाला एक पत्र टाका. जुन्या इमारती मोजून त्यांची चित्रे काढणे हा तिथल्या मुलांच्या अभ्यासाचाच भाग असतो. दोन-चार दिवस त्यांना वाड्यात फिरू द्या, कोठीतल्या भिंतीसुद्धा दाखवा. मात्र हे पत्र इसार घेण्याआधी टाका.