पहारेकऱ्यांची दिशाभूल



धोतर आणि इरकली लुगडे ही हुबळी-धारवाडच्या परिसरातील मराठी व कन्नड घरांची समाईक मिरास. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही या पेहरावाची एक नोंद आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी १९४५ साली आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह 'धोतराचा कर्करोग' जगापुढे मांडला. वर्षानुवर्षे कमरेशी एकाच जागी करकचून बांधलेल्या वस्त्रामुळे त्वचा घासली जाते, तिचा रंग पालटतो, ती जाड होते आणि क्वचित तेथे न भरणारा व्रण होऊन कर्करोग जडतो. परकराच्या नाडीमुळे होणाऱ्या अशाच विकारास पुढे 'साडीचा कर्करोग' हे नाव मिळाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शरीरात लसिकापेशी अहोरात्र गस्त घालीत असताना ही बिघडलेली पेशी त्यांच्या हातून निसटते कशी?

प्रत्येक पेशी आपल्या अंतरंगातील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. ही जणू तिच्या दारावरची पाटी. टी-लसिकापेशी ती पाटी वाचते आणि मजकूर परका दिसताच त्या पेशीचा नाश करते. कर्कपेशीची पहिली युक्ती म्हणजे ही पाटीच उतरवून ठेवणे. दुसरी अधिक धूर्त आहे. लसिकापेशीने स्वकीय अवयवांवर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने तिला पीडी-१ नावाचा लगाम घातला आहे. कर्कपेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून नेमका तोच लगाम खेचते. पहारेकरी दाराशी येतो खरा, पण हात न उचलता उभा राहतो. तिसरी युक्ती म्हणजे पहारा शांत करणाऱ्या पेशींनाच आपल्याभोवती जमविणे.

पीडी-१ चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी दुसरा एक लगाम सोडविल्यास गाठी विरतात, हे उंदरांवर दाखविले. उभयतांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲलिसन यांच्या संशोधनातून निघालेले औषध २०११ साली अमेरिकेत मेलॅनोमा या उग्र त्वचाकर्करोगासाठी मान्य झाले. धोतराचा कर्करोग ज्या खवलेपेशींच्या जातीत मोडतो, त्या जातीच्या बळावलेल्या रोगासाठीही २०१८ मध्ये पीडी-१ चा लगाम सोडविणारे औषध तेथे मान्य झाले.

मात्र लगाम सुटलेला पहारेकरी कधी आतड्यांवर, कधी फुफ्फुसांवर वा गलग्रंथीवर उलटतो. शिवाय ही औषधे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत. टाटा रुग्णालयाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात अशा औषधाच्या नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी मात्रा नित्याच्या उपचारास जोडली गेली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर गेले. गरिबांच्या दृष्टीने या आकड्यांचे मोल मोठे आहे.

तोवर सर्वांत स्वस्त पहारा आपल्या डोळ्यांचा. नाडी सैल बांधावी, गाठीची जागा बदलावी. कमरेवरचा न भरणारा व्रण किंवा तळपायावरचा वाढता काळा डाग दिसताच वैद्यांना दाखवावा. भारतीयांत मेलॅनोमा बहुधा तळपायासारख्या नजरेआडच्या जागीच उगवतो. वेळीच सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा साध्या शस्त्रक्रियेने समूळ निघतो.