एका शब्दाचे अनेक संसार

(भोंगवली, ता. भोर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘हाहाकार’. हुंकार, चीत्कार यांच्याप्रमाणेच हाही ध्वनीवरून घडलेला शब्द आहे. अनेकांच्या तोंडून एकाच वेळी ‘हा! हा!’ असा आक्रोश निघावा, तो हाहाकार. म्हणजे हा शब्द दुःखाचे नुसते वर्णन करीत नाही. ते दुःख ऐकवितो. म्हणूनच वृत्तपत्रांना तो प्रिय आहे.

१२ जुलै १९६१ रोजी शेजारच्या वेल्हे भागातील पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी ‘हाहाकार’ हाच यथार्थ शब्द होय. संकट अकस्मात आले, ते असंख्यांवर आले आणि त्या घटकेला कोणाच्याच हाती काही उरले नाही. शब्दाच्या तिन्ही अटी तेथे पुऱ्या होतात.

आता वृत्तपत्राची इतर पाने पाहू. बाजारभावाच्या पानावर समभाग कोसळले की ‘बाजारात हाहाकार’ होतो. क्रीडेच्या पानावर तर शोकाचे कौतुक होते. गोलंदाजाने भराभर बळी घेतले की त्याने ‘हाहाकार माजविला’, असे आपण आनंदाने वाचतो. अग्रलेखात महागाईने हाहाकार होतो आणि जिल्हावार्तांच्या पानावर उन्हाळ्यात ‘पाण्यासाठी हाहाकार’ हा मथळा ठरलेलाच असतो.

येथे क्रियापदाकडे लक्ष द्यावे. क्रीडेच्या पानावर हाहाकार कोणीतरी ‘माजवितो’. त्याचे नाव छापले जाते. पाण्याच्या बातमीत मात्र हाहाकार आपोआप ‘माजतो’. तेथे कर्ताच नसतो. वास्तविक आपल्या भोर तालुक्याच्या पश्चिम डोंगरात पाऊस धो-धो पडतो, भाटघर आणि नीरा-देवघर ही धरणे याच तालुक्यात आहेत. तरी उंचावरच्या वाड्यांतील झरे चैत्र-वैशाखात आटतात. हे संकट पानशेतच्या लोंढ्यासारखे अकस्मात येत नाही. ते पंचांगाप्रमाणे येते. जे दरवर्षी येते त्याची तयारी करता येते, आणि त्यासाठीच टंचाई कृती आराखडा असतो. त्याला ‘हाहाकार’ म्हटले की ते दैवी आपत्तीच्या रांगेत जाऊन बसते, आणि तयारी कोणी करावयाची होती हा प्रश्न मथळ्याखाली दडपला जातो.

याच्या उलट दोष आपल्या शासकीय भाषेचा. ‘टंचाईसदृश परिस्थिती’ या शब्दप्रयोगात घागर दिसत नाही, चढण दिसत नाही, तहानही दिसत नाही. एक शब्द नुसताच रडतो. दुसरा डोळे मिटून घेतो. दोहोंनीही टँकर लवकर येत नाही.

मग मार्ग कोणता? १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने केवळ विलाप केला नाही. दुष्काळासंबंधी सरकारनेच केलेल्या नियमांत रयतेला कोणते हक्क दिले आहेत, हे त्याने लोकांना समजावून सांगितले. शोकाला कलमांची जोड मिळाली, तेव्हा तो शोक मागणी झाला.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, वार्ताहर भेटावयास आला म्हणजे त्याला विशेषण देऊ नये, तपशील द्यावा. कोणती वाडी, किती घरे, विहीर कोणत्या तारखेला आटली, पाणी किती अंतरावरून आणावे लागते, टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीकडे कधी गेला. मथळा बहुधा शहरातील उपसंपादक देतो. परंतु पुढ्यात आकडे असले तर त्यालाही ‘हाहाकार’ शब्दाची गरज भासणार नाही. अधिकाऱ्यांनीही टिपणी लिहिताना हेच तपशील लिहावेत.

शिक्षकांनी एक उपक्रम अवश्य करावा. आठवडाभराची वृत्तपत्रे जमवून मुलांकडून हा शब्द शोधून घ्यावा आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे: रडले कोण? माजविला कोणी? ज्या बातमीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही, ती बातमी अपुरी आहे, हे मुलांना आपोआप कळेल.

आक्रोशाचा शब्द रोज वापरला की कानाला त्याची सवय होते, आणि उद्या खरोखरच आक्रोश उठला तर तो सांगावयास आपल्यापाशी शब्द उरत नाही. तो शब्द आपण जपून ठेवू या, आणि ज्या दुःखाला उपाय आहे त्याला हाहाकार न म्हणता काम म्हणू या.