हवामान आणि नागरिकाचा हक्क

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी लष्कराची जुनी वसाहत आहे. तिला सारे शहर छावणी म्हणते. याच शब्दाला मराठवाड्यातील खेड्यांत मात्र दुसरा अर्थ आहे. पावसाने पाठ फिरविली, कडबा संपला, म्हणजे गुरांकरिता चाऱ्याची छावणी उघडते आणि शेतकरी आपली जनावरे घेऊन तेथे मुक्कामास जातो. 2013 साली अशा छावण्या उघडल्या, 2019 साली पुनः उघडल्या. मध्यंतरी 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. आणि 2025 च्या सप्टेंबरात याच मुलखात अशी अतिवृष्टी झाली की, पिकांबरोबर शेतांतील मातीही वाहून गेली.

सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेतील या प्रदेशास अवर्षण नवे नाही, हे खरे. परंतु कोळसा व तेल जाळून मनुष्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 280 होते ते 420 च्या वर नेले आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते; त्यामुळे पाऊस येतो तो कोसळतो, आणि उघडीप पडली की जमीन पूर्वीपेक्षा लवकर सुकते. तेव्हा या संकटास निव्वळ दैव म्हणून सोडून देता येत नाही. जे मनुष्याच्या कृतीने वाढते, त्याचा जाब विचारता येतो.

न्यायालयांनीही आता तेच म्हटले आहे. 21 मार्च 2024 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या 14 व 21 या अनुच्छेदांत अंतर्भूत आहे, असा निर्णय दिला. मौज अशी की, तो खटला माणसांचा नव्हताच. विजेच्या तारांवर आदळून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याचा होता! पुढे 23 जुलै 2025 रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत दिले.

कोणी म्हणेल, धूर ओकला श्रीमंत राष्ट्रांनी, मग आपल्या सरकारास दोष का? आक्षेप अगदीच निराधार नाही. त्या राष्ट्रांकडून भरपाई मागावी, अवश्य मागावी. परंतु उन्हात डांबर टाकणाऱ्या मजुरास सावली आणि पाणी देण्याकरिता परराष्ट्राच्या अनुमतीची गरज नाही.

या बाबतीत महाराष्ट्रास धडा बाहेरून घ्यावयाचा नाही. 1972 च्या भीषण दुष्काळात लक्षावधी लोक खडी फोडावयास गेले. त्या अनुभवानंतर, वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेस 1977 साली कायद्याचे रूप आले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्याचे मर्म असे की, मागणाऱ्यास पंधरा दिवसांच्या आत काम मिळालेच पाहिजे. न मिळाल्यास भत्ता. त्यापूर्वी दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. त्यानंतर तो मागण्याचा विषय झाला. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, हे निराळे.

हवामानाच्या संकटास हीच रीत लावली पाहिजे. पावसाचा किती दिवस खंड पडला म्हणजे चाऱ्याची छावणी उघडावी, पारा किती चढला म्हणजे दुपारची कामे थांबवावीत व त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावी, टँकर किती दिवसांत यावा, हे सारे कायद्यात लिहिलेले असावे. आणि ते न झाल्यास कोणत्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी, हेही. आज घोषणेची वाट पाहावी लागते, आणि ती होईपर्यंत शेतकरी बैलजोडी मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो. असा कायदा करणे विधिमंडळाच्या आवाक्यातले आहे. शहरात नळाचे पाणी पिणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी आपापल्या आमदारास त्याविषयी एक पत्र धाडावे. पावसाळी अधिवेशनापूर्वी धाडल्यास अधिक बरे.