अठरा पूर्ण

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘अठराव्या वर्षी मत देण्याइतकी समज असते का?’ हा विषय कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीत महापालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा आपल्या ग्रुपवर तीन दिवस जुंपली होती. एकानं लिहिलं, ‘या पोरांना स्वतःचा डबा घासता येत नाही, ही नगरसेवक काय निवडणार?’ त्या वाक्याला भराभर अंगठे मिळाले. आता माईक माझ्या हातात आहे, आणि इथे अंगठ्याची सोय नाही.

इतिहासाच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्यात, म्हणून सनावळीपासून सुरुवात करते. राज्यघटना आली तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेनं एकसष्टावी घटनादुरुस्ती मंजूर केली, २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली आणि कलम ३२६ मधल्या एकविसाचे अठरा झाले. आपण तेव्हा तिसरीत होतो.

आता आपल्याच वर्गाचं गणित बघा. आपल्यातले बहुतेक जण जून १९८० ते मे १९८१ या काळात जन्मलेले. १९९९ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदम झाल्या. मतदार यादीसाठी १ जानेवारी १९९९ ला अठरा पूर्ण हवे होते. म्हणजे जे १ जानेवारी १९८१ पर्यंत जन्मले ते यादीत, त्यानंतरचे बाहेर. एका बाकावरच्या दोघींपैकी एकीला खासदार आणि आमदार निवडता आले. दुसरीला त्यासाठी २००४ उजाडावं लागलं. आणि ज्यांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, ते किती जण आहेत ते हात वर करून सांगा. बघा! आईला तारीख आठवत नव्हती आणि पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. यांची समज गुरुजींच्या पेनातून उतरली.

हे हसण्यावारी नेऊ नका. अठरा काय, एकवीस काय, ही कायद्यानं सोयीसाठी मारलेली रेघ आहे. आणि कायदा प्रत्येक कामाला वेगळी रेघ मारतो. गाडीचा परवाना १८ ला. लग्न मुलीला १८ ला, मुलाला २१ ला. लोकसभेला उभं राहायचं तर २५. आपल्या राज्यात कडक दारूलाही २५ च, म्हणजे दारू प्यायला आणि खासदार व्हायला सारखीच समज लागते असं दिसतं. उलट २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्हा असेल तर सोळा वर्षांच्या मुलावरही प्रौढासारखा खटला चालू शकतो. शिक्षा द्यायची असली की आपल्याला पोरांची समज लवकर दिसते.

मानसशास्त्राचे अभ्यासक यात एक उपयोगी भेद करतात. घोळक्यात, रागात, ईर्षेत निर्णय घेणं वेगळं आणि शांतपणे, वेळ घेऊन घेणं वेगळं. पहिलं विशीतही कच्चं असतं. रात्री बाईकवर तिघं बसून जाणारी पोरं आठवा. दुसरं मात्र सोळाच्या आसपासच बऱ्यापैकी तयार झालेलं असतं. मतदान या दुसऱ्या प्रकारात मोडतं. प्रचार आठवडे चालतो, प्रत्यक्ष मतदानाच्या आधी ४८ तास तो थांबतो आणि मग माणूस एकटा आत जातो. ऑस्ट्रियानं २००७ मध्ये हे वय सोळावर आणलं. आपण तसं करावं असं मी म्हणत नाही. सोळाव्या वर्षी आपल्याकडे दहावी-अकरावीचा जो काही प्रकार चालतो, त्यात पोरांना वर्तमानपत्र उघडायलाही आपण देत नाही.

पण खरं सांगू का, समज हा शब्दच मला खटकतो, कारण तो आधीही वापरला गेलाय. १९३५ च्या कायद्यात मत कुणाला होतं? जमीन, कर, शिक्षण असलेल्यांना. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मत मागितलं, तेव्हा अडाण्यांना काय कळतं, हाच समोरच्यांचा सूर होता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती आणि तरी पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर लोकांना मत मिळालं. त्यात आपल्या आज्या होत्या. त्याच वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून निघाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको, तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं ठेवायला नकार दिला. तेव्हा ते कठोर वाटलं असेल. पण पुढच्या निवडणुकीत मत हवं तर बाईला आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगणं भाग पडलं.

मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. कुठल्या कॉलेजला जायचं, किती वाजता घरी यायचं, फोनवर कुणाशी बोलायचं, हे अठरा वर्षांच्या मुलीच्या वतीनं ठरवणारे घरात चार जण असतात. त्या पुठ्ठ्यामागे मात्र त्यांतलं कुणी येऊ शकत नाही. ‘घरानं ठरवलंय तिथेच दे’ असं बजावून पाठवलेली मुलगी आत काय करते, हे बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावरूनही कळत नाही.

पोरं रील बघून वाहवत जातात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पाकिटं वाटणारे आणि घेणारे कोणत्या वयाचे असतात, ते निवडणुकीच्या ड्युटीवर जाऊन आलेले आपले सर सांगू शकतील. आणि सराव आपण दिलाय का? शाळेत आपलं मंत्रिमंडळ तरी होतं, चिठ्ठ्या टाकून मुख्यमंत्री निवडायचो. कॉलेजला गेलो तोवर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद केल्या होत्या. कारण हिंसाचाराचं होतं, ते खोटं नव्हतं. पण परिणाम असा झाला की वर्गात ज्याला सर्वांत जास्त गुण, तो प्रतिनिधी. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, त्या कागदावरच राहिल्या. पुण्यात तर महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मार्च २०१७ ला अठरा पूर्ण केलेला मुलगा नगरसेवक निवडेपर्यंत सत्ताविशीला टेकला होता. तो अपरिपक्व असेल तर पिकायला त्याला बराच वेळ मिळाला.

आता कामाचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं यंदा-पुढच्या वर्षी अठराची होतायत आणि शिकायला बाहेरगावी आहेत. २०२२ पासून वर्षात एक नव्हे, चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की अर्ज आधीच भरून ठेवता येतो. नमुना क्रमांक ६, फोनवरूनही भरता येतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा, दोन्हींपैकी एक निवडता येतो. हॉस्टेलचा हवा तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र गुन्हा आहे. फॉर्म मुलांना स्वतःला भरू द्या. आणि कुठे अडलं तर, मागच्या रांगेत आपले तीन शिक्षक मित्र बसलेत. तिघेही बीएलओ आहेत. जेवणाच्या आधी त्यांना गाठा, जेवणानंतर ते सापडणार नाहीत.